एमएक्स-५ (१.८) साठी हलकं फ्लायव्हील: ३ किलोच्या आत बसवता येईल का?

लेथघर_भोसरी
माझदा एमएक्स-५ च्या एनए-एनबी (पहिल्या-दुसऱ्या) पिढीतल्या १.८ लिटर इंजिनासाठी सिंगल-पीस स्टील फ्लायव्हीलचे (क्रँकशाफ्टच्या टोकाला बसणारी जड चकती, तिच्यावर क्लच दाबला जातो) पाच सॅम्पल करायचे आहेत. गिऱ्हाईक इंग्लंडमधलं, गाड्या ट्रॅक-डेला (हौशी लोक आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवतात तो दिवस) पळणाऱ्या. मूळ फ्लायव्हील जवळपास ८ किलोचं, त्यांना ३ किलोच्या आत हवंय. क्लच मूळचाच राहणार, २१५ मिमीचा. रेव्ह ७,००० आरपीएमपर्यंत. मटेरियल ईएन२४ (निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं मिश्र स्टील), गोल बारचे काप घेऊन टर्निंग करायचा विचार आहे.
३ किलो जमेल का? बॅलन्सिंग कोणत्या ग्रेडला करायचं? आणि रिंग गिअर (स्टार्टरचे दात अडकतात ती बाहेरची दातेरी कडी) बसवताना ताव किती द्यायचा?

थर्डगिअर
आधी वजनाचा हट्ट सोडा, इनर्शिया (फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध) मोजा. रिमजवळचा एक किलो आणि हबजवळचा एक किलो यांची किंमत सारखी नसते, त्रिज्येचा वर्ग मधे येतो. समजा १०० मिमी सरासरी त्रिज्येवरून ३ किलो काढलं, तर इनर्शिया ०.०३ किलो-मीटर वर्गाने कमी झाला. या गाडीच्या पाच-स्पीड गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.१३६, फायनल ड्राइव्ह ४.१, टायर १८५/६०-१४. गणित केलं तर पहिल्या गिअरला गाडी साधारण ६० किलोने हलकी झाल्यासारखी वागते, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला ११, चौथ्याला जेमतेम ६. ट्रॅकवर पहिला गिअर फक्त निघताना लागतो, म्हणून जाहिरातीतल्या आकड्यांवर जाऊ नका. खरा फायदा डाउनशिफ्टला रेव्ह पटकन जुळतात हा.

आता ३ किलो. घर्षणाचा पट्टा बाहेरून २१५, आतून १४५ आणि १० मिमी जाड धरला, तर तेवढ्याचंच दीड किलो भरतं. रिंग गिअर पाऊण किलोच्या आसपास, क्रँकला बसणारा हब अर्धा किलो. मधली पाटी आणि क्लच कव्हरचे बोल्ट-बॉस (बोल्ट बसायचे उंचवटे) वेगळेच. ३ किलोत बसवायचं तर पट्टा ६ मिमीवर आणावा लागेल, आणि तिथेच घोळ होतो. स्टीलची ताकद कमी पडत नाही. २८० मिमी व्यासाला ७,००० आरपीएमवर रिमचा वेग सेकंदाला १०३ मीटर, मधल्या भोकाच्या काठाशी ताण ७० मेगापास्कलच्या आत. बोल्टच्या भोकाशी तिप्पट धरला तरी ईएन२४टी (हार्डन-टेंपर केलेलं ईएन२४) हसत सोसतं. मार पडतो तो उष्णतेचा. ११०० किलोची गाडी क्लच घसरवत ताशी ३२ किलोमीटरपर्यंत नेली की ४०-४५ किलोज्यूल उष्णता तयार होते आणि तिचा निम्मा वाटा फ्लायव्हीलकडे येतो. पट्ट्यालगत २ किलो स्टील असेल तर एका लाँचला २०-२५ अंश चढतात. लागोपाठ दहा लाँच केल्यावर काय होईल ते तुम्हीच बघा. पातळ पट्टा बशीसारखा वाकतो, निळे डाग पडतात, मग केसासारख्या भेगा.
माझं मत: ४ ते ४.५ किलो. वजन काढायचं ते इंजिनाकडच्या बाजूने आणि कव्हरच्या बॉसांमधल्या जागेतून. पॉकेटच्या कोपऱ्याला आर३ (३ मिमी त्रिज्येची गोलाई) पेक्षा कमी नको.

ताव_आणि_आटे
वरच्या ४.५ ला अनुमोदन. फक्त बारचे काप घेऊ नका. बारमध्ये धातूचे तंतू अक्षाच्या दिशेने असतात आणि ताण येतो आडवा. शिवाय मध्यावरचा कमकुवत गाभा नेमका हबमध्ये येतो. ठोकून बसका केलेला फोर्ज्ड ब्लँक घ्या, आतल्या भेगांसाठी अल्ट्रासोनिक तपासणी केलेला. हार्डनेस २८-३२ एचआरसी (रॉकवेल सी). रफ टर्निंगनंतर स्ट्रेस रिलीव्ह करा, पण टेंपरिंगच्या तापमानापेक्षा ३०-४० अंश खालीच, मग फिनिश.

बॅलन्सिंग जी २.५ लिहिणं सोपं आहे (आयएसओची ग्रेड, आकडा जितका लहान तितकं बॅलन्सिंग काटेकोर). ७,००० आरपीएमला असमतोलाची मर्यादा किलोमागे ३.४ ग्रॅम-मिमी, म्हणजे ४.५ किलोला एकूण १५ ग्रॅम-मिमी. आता स्पिगॉटच्या (जॉब मध्यावर धरणाऱ्या) भोकात ०.०२ मिमी ढील असेल तर जॉब ०.०१ ने सरकू शकतो, आणि तेवढ्यानेच ४५ ग्रॅम-मिमीचा फरक पडतो. जी ६.३ चीसुद्धा मर्यादा (३९) ओलांडली! म्हणून मधलं भोक आणि घर्षणाचा पृष्ठभाग एकाच सेटिंगमध्ये करा, बॅलन्सिंगचा आर्बर (जॉब चढवायचा दांडा) ढिला नको. वजन काढायची भोकं इंजिनाकडून, आरपार नाहीत. घर्षणाच्या पट्ट्यावर एकही भोक नको.

रिंग गिअर: २६५ मिमी बसण्याच्या व्यासाला ०.३५ मिमी इंटरफिअरन्स (रिंग तेवढी लहान). ओव्हनमध्ये २०० अंशांना रिंग अर्धा मिमी फुलते, हाताने बसते. गॅसची ज्योत मारून निळा रंग आणलात तर दातांचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि काही महिन्यांत स्टार्टर घरघरायला लागतो. दातांचा चॅम्फर पिनियनच्या बाजूला, उलटा बसवला जाऊ नये.

लेथघर_भोसरी
फोर्जिंगचं पटलं. मूळ फ्लायव्हीलच हलकं करून द्या असंही एक गिऱ्हाईक म्हणतंय, मूळचं बिडाचं आहे.

थर्डगिअर
नाही म्हणा. बीड ताणात ठिसूळ, आधीच उष्णतेने तडकलेलं असू शकतं. फुटलं तर ॲल्युमिनियमचं बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं आवरण) तुकडे अडवत नाही आणि ड्रायव्हरचे पाय शेजारीच असतात. स्पर्धेसाठी विकणार असाल तर एसएफआय १.१ चं (फ्लायव्हील-क्लचच्या सुरक्षिततेचं अमेरिकन मानक) सर्टिफिकेट मागू शकतात, स्पिन टेस्टचा खर्च कोटेशनमध्ये आत्ताच धरा.

आयडल९५०
दोन गोष्टी राहिल्या. क्रँकच्या फ्लँजपासून घर्षणाच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मूळ जॉबवरून मोजून ±०.०५ मिमीमध्ये ठेवा, नाहीतर रिलीज बेअरिंगची जागा बदलते आणि क्लच एकतर सुटत नाही किंवा घसरतो. फेस रनआउट (फिरताना पृष्ठभागाचं डुलणं) ०.०५ मिमी. दुसरं, ओबीडी-२ (गाडीतली दोष ओळखणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) क्रँकच्या वेगातल्या चढउतारावरून मिसफायर ओळखतो. फ्लायव्हील हलकं झालं की हे चढउतार वाढतात, इंजिन धडधाकट असूनही पी०३०० (मिसफायरचा) कोड लागतो. आयडलही ९५०-१००० आरपीएमवर न्यावा लागेल, एसी चालू असताना तर नक्कीच. बॉक्समध्ये हे छापलेला कागद टाका, अर्ध्या तक्रारी येणारच नाहीत.