चर्चा: मोटरसायकलच्या मागच्या डिस्क ब्रेकलाही सिंटर्ड पॅड टाकावेत का?

घाटरस्ता:
पुढे सिंटर्ड म्हणजे धातूचे, मागे ऑरगॅनिक म्हणजे रेझिनने बांधलेल्या तंतूंचे पॅड, ही बऱ्याच गाड्यांत कंपनीची ठरलेली जोडी. पुढच्या-मागच्या पॅडचा आकारही बहुधा वेगळाच असतो, त्यामुळे अदलाबदलीचा प्रश्न नाही. मटेरियल निवडणं मात्र आपल्या हातात आहे. यवतेश्वर, केळघर, पसरणी असे घाट सारखे उतरणाऱ्याने मागेही सिंटर्डच टाकावेत, असं माझं मत. जुलैत कासला डिस्क कोरडी होतच नाही. ओल्या डिस्कवर ऑरगॅनिक पॅड पहिल्या दाबाला घसरतो, मग धरतो. सिंटर्ड लगेच धरतो. शिवाय ऑरगॅनिक जास्त तापला की त्यातलं रेझिन वर येऊन पॅड काचेसारखा गुळगुळीत होतो. मग पेडल कितीही दाबा, गाडी आपली चाललेलीच.

पाना-पक्कड:
पावसाचं पटलं, बाकीचं नाही. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर येतं. कोरड्या रस्त्यावर जोरात थांबताना ७० टक्के किंवा त्याहून जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. मागचं चाक त्या वेळी हलकं झालेलं असतं, तिथे जादा पकड दिली तर चाक लॉक होणार, म्हणजे फिरायचं थांबून घसरणार, दुसरं काय? २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, पण सिंगल चॅनललाही, म्हणजे एकाच चाकाच्या एबीएसलाही मुभा होती. अशा गाडीत एबीएस पुढच्या चाकाला, मागचं चाक रायडरच्या पायावर. उसाच्या हंगामात कराड-तासगाव पट्ट्यात ट्रॅक्टर शेतातली माती डांबरावर आणून टाकतात. त्यावर चार थेंब पडू द्या, मग कळेल.

घाटरस्ता:
चाक लॉक होण्याचा दोष सिंटर्डच्या माथी कशाला? पॅडच्या पाठीमागच्या पत्र्यावर दोन अक्षरं असतात, ती वाचा. पहिलं अक्षर थंड पॅडच्या घर्षणाचं, दुसरं गरम पॅडच्या. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच त्याच्या वर. मागे एचएच टाका असं मी म्हणतच नाही. जीजीचे सिंटर्ड मिळतात, ते घ्या. आणि मागे डबलसीट, वर दोन बॅगा असतील तर मागचं चाक तुम्ही म्हणता तितकं हलकं राहत नाही.

पाना-पक्कड:
अक्षरांचं मान्य. पण उष्णता जाते कुठे? सिंटर्ड म्हणजे दाबून भाजलेली धातूची भुकटी. ती उष्णता पॅड ढकलणाऱ्या पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे भराभर पोचवते. मागचं कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) लहान, त्यात ऑइलही जेमतेम. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्याची हमी १५५ अंशांची. पेडलवर पाय ठेवून अख्खा आंबेनळी उतरलात तर पॅड शाबूत राहील, पण ऑइलमध्ये वाफ होऊन पेडल तळाला जाईल. ऑरगॅनिक निदान वास मारतो, जोर कमी करत जातो, म्हणजे आधी सांगतो. दुसरा गिअर टाकून उतरायचं आणि ऑइल दोन वर्षांनी बदलायचं, हे पॅडपेक्षा स्वस्त पडतं.

कृष्णाकाठ, सांगली:
तुम्ही दोघं मटेरियलवर भांडा, पण मागचे पॅड लवकर संपण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. पुढचं चाक सगळा चिखल मागच्या कॅलिपरवर फेकतं, कॅलिपर ज्यांवर सरकतं त्या स्लायडर पिन जाम होतात आणि पॅड डिस्कला घासत राहतो. चाक अधांतरी करून हाताने फिरवा. जड फिरलं, किंवा आतल्या-बाहेरच्या पॅडच्या जाडीत स्पष्ट फरक दिसला, तर पिन आधी बघा. त्या साफ करून सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं. नवे पॅड बसवताना पिस्टन तसाच आत ढकलू नका, आधी ब्रशने पुसा, नाहीतर साचलेली घाण सीलमध्ये जाते. पिस्टन ढकलताना ब्रेक ऑइलच्या डबीवरही लक्ष ठेवा; ऑइल ओसंडलं तर रंग उडालाच. पॅडवरची खाच दिसेनाशी झाली किंवा मसाला, म्हणजे पॅडचा घासणारा थर, १ मिमीवर आला की पॅड बदला.

आणि वॉशिंग सेंटरवाल्याला डिझेल मारू देऊ नका. चेनचा स्प्रेही डिस्क झाकूनच. तेल प्यालेला पॅड पॉलिश पेपरने सुधारत नाही, फेकावाच लागतो.

घाटरस्ता:
हे शंभर टक्के. तरी पावसाळ्यापुरतं मी जीजी सिंटर्डवरच ठाम आहे. ऑरगॅनिकवरून येताना डिस्कवर जुन्या मसाल्याचा थर असतो, तो पॉलिश पेपरने घासून काढा. मग मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत असे दहा-बारा ब्रेक, मध्ये डिस्क गार होऊ देत. तापलेली असताना ब्रेक दाबून उभं राहायचं नाही.

पाना-पक्कड:
त्याआधी डिस्कवर कोरलेली किमान जाडी बघा आणि मायक्रोमीटर लावा. सिंटर्ड डिस्क जास्त खातो, आणि काही मागच्या डिस्क ऑरगॅनिकसाठीच बनवलेल्या असतात. तिथे जीजी असो नाहीतर एचएच, पॅडच्या पैशात डिस्कचा खर्च धरूनच हिशेब करा.