'पोरांना सगळं माहीत असतं' म्हणे! गणेशोत्सवातलं एचआयव्हीचं व्याख्यान का कापलं?

रामबागकर
इंदूरच्या आपल्या मंडळाच्या ग्रुपवर काल एका ज्येष्ठांनी लिहिलं: 'आजच्या मुलांना मोबाइलवर सगळं कळतं. गणपतीसमोर एचआयव्हीचं व्याख्यान नको, घरचे संस्कार पुरेत.' भराभर अंगठे आले आणि व्याख्यानाच्या जागी अंताक्षरी लागली. फार चीड आली, म्हणून सविस्तर लिहितोय.

काय कळतं हो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २१.६ टक्के आणि पुरुषांपैकी ३०.७ टक्के यांनाच एचआयव्हीची पुरेशी माहिती होती. निरोधने धोका कमी होतो हे ८२ टक्के पुरुषांना ठाऊक आहे. पण डास चावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, धडधाकट दिसणाऱ्यालाही लागण असू शकते, हे सगळं एकत्र विचारलं की घोडं अडतं. आणि संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतलं तर लागण टळू शकते, हे ग्रुपवरच्या किती पालकांना माहीत आहे? २००७ मध्ये गदारोळ झाला तेव्हा मध्य प्रदेशाने शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला, महाराष्ट्र-गुजरातनेही थांबवला. शाळेत नाही, घरात नाही, मंडळातही नाही. मग पोरांनी विचारायचं कुणाला?

लोकमान्यनगर_काका
ते ज्येष्ठ मीच. तुमचे आकडे खेड्यापाड्यांसकट, ४९ वयापर्यंतचे. आमची मुलं इंजिनिअरिंगला आहेत. मांडवात आजी बसलेली, पहिलीतली नात बसलेली, तिथे निरोध दाखवणार? आणि मागच्या वर्षीच्या वर्गणीचा हिशेब अजून आलेला नाही. वक्त्यांच्या मानधनाला पैसे आहेत, गळक्या मांडवाला नाहीत!

भंवरकुआं_मेडिकल
काका, इंजिनिअरिंगचीच मुलं माझ्या दुकानात येतात. आधी सर्दीची गोळी मागतात. गर्दी ओसरेपर्यंत फ्रीजमधल्या बाटल्या बघत उभी राहतात, मग नुसतं बोट दाखवतात. मी कागदात गुंडाळून काळ्या पन्नीत देतो. काही जण तेही घेत नाहीत. विचारतात, 'तिने दुसऱ्या दिवशीची गोळी घेतली तर एड्सचं पण टेन्शन नाही ना?' त्या गोळीने फक्त गर्भ टळतो, एचआयव्ही नाही. मागे गिऱ्हाईक उभं असताना हे किती समजावणार? मुली तर विचारतही नाहीत, चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहून सरकवतात.

सुदामानगरची_मावशी
व्याख्यानाचं राहू द्या. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर गोत्र, नाडी, मंगळ सगळं विचारता, मग एचआयव्हीचा रिपोर्ट का नाही? माझ्या भाचीचं लग्न पत्रिका बघून, गुण जुळवून केलं. गरोदरपणातल्या तपासणीत तिला लागण कळली. नवऱ्याला लग्नाआधीपासून माहीत होतं! औषधं वेळेवर सुरू झाली म्हणून बाळ सुखरूप आहे. पण सासरी बोल तिलाच लागले. रिपोर्ट सक्तीचा करा.

समुपदेशक
मावशी, वाचून फार वाईट वाटलं. तरी सक्ती नकोच. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे तपासणीला संमती लागते, निकाल गुप्त ठेवावा लागतो. मेळाव्याच्या फायलीतला तो कागद किती हातांतून फिरेल? शिवाय लागण झाल्यावर काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, तपासणीत ती दिसत नाही. आमच्याकडे येणारी मुलं मोबाइल नंबर लिहिताना पेन थांबवतात, 'घरी फोन नाही ना जाणार?' म्हणतात. सक्ती केलीत तर ती फिरकणारच नाहीत.

सुदामानगरची_मावशी
मंगळ लपवला तर लग्न मोडतं आणि हे लपवलं तर गुप्तता? तुमच्या घरातली मुलगी असती तर?

समुपदेशक
माझ्या घरापर्यंत जाऊ नका. लागण माहीत असलेल्याने जोडीदाराला आधी सांगायचं, हेही त्याच कायद्यात आहे. तुमच्या जावयाने तेच मोडलं. लग्न ठरलं की दोघांनी आपणहून जावं, सरकारी केंद्रात तपासणी फुकट होते. १०९७ वर फोन करूनही विचारता येतं.

लोकमान्यनगर_काका
मावशींचंच बरोबर. आणि मुळात घर संस्कारी असेल तर...

सुदामानगरची_मावशी
संस्कारीच घर होतं ते, काका! तुम्ही माझी बाजू घेऊ नका.

डीएव्हीव्हीची_विद्यार्थिनी
मूळ विषय राहिला बाजूला. पश्चिम केनियातल्या शाळांत हे करून बघितलंय. 'लग्नापर्यंत थांबा' यावर भर देणारा सरकारी अभ्यासक्रम होता. तो शिकवण्याचं प्रशिक्षण शिक्षकांना दिलं, तरी किशोरींच्या गरोदरपणात फरक पडला नाही. दुसऱ्या शाळांत मुलींना उघड सांगितलं, की वयाने मोठ्या पुरुषांत लागण त्यांच्या वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. तिथे गरोदरपण २८ टक्क्यांनी घटलं. पास्कलिन दूपा या अर्थतज्ज्ञ बाईंनी २०११ मध्ये हे मांडलं. मुलींना धोका नेमका कुठे आहे ते कळलं, तशा त्या वागल्या. नुसतं 'करू नका' ऐकून कोणी थांबलं नाही.

लोकमान्यनगर_काका
केनिया कुठे, इंदूर कुठे!

डीएव्हीव्हीची_विद्यार्थिनी
बरं, इंदूरचं सांगते. माझी रूममेट एमएस्सी करतेय. कॉलेजच्या रक्तदान शिबिराला आली नाही. रक्त दिलं की एड्स होतो म्हणे. मोबाइल तिच्याकडेही आहे.

लोकमान्यनगर_काका
मी स्वतः वर्षानुवर्षं रक्तदान करतोय. दर वेळी नवी सुई समोर फोडतात. एवढं शिकून असं बोलत असतील तर कठीण आहे. ठीक, व्याख्यान घ्या. पण मांडवात नाही. विसर्जनानंतरच्या रविवारी, सभागृहात, सोळाच्या वरच्यांसाठी. मुलं-मुली वेगळी बसतील. आणि हिशेब त्याआधी!

रामबागकर
सभागृह मान्य, सोळाची अट मान्य, हिशेब खजिनदारांकडून मागवतो. वेगळं बसवणं मान्य नाही. निरोधबद्दल मुलाला जे सांगायचं ते मुलीनेही ऐकलं पाहिजे, नाहीतर वेळ आल्यावर ती बोलणार कशी? लाजतात म्हणाल तर प्रश्न बिननावाच्या चिठ्ठ्यांवर घेऊ. मेडिकलवाले, त्या गोळीचं तुम्ही येऊन सांगाल का?

भंवरकुआं_मेडिकल
रविवारी दुपारी दुकान बंद असतं. येतो.

लोकमान्यनगर_काका
वेगळ्या बसण्याचं मी सोडलेलं नाही. कार्यकारिणीत बोलू.

सुदामानगरची_मावशी
मी भाचीला घेऊन येणार आहे. ती बोलायला तयार आहे, आणि फॉर्मचा विषय आम्ही तिथे काढणारच.