पगारदार बाईला मोफत वकील कशाला?

शेवंता_०७ (धागा काढणारी)
आमच्या बचतगटात परवा यावरून चांगलीच जुंपली. बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईने नवऱ्याविरुद्ध कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज टाकला आणि वकील घेतला तालुका विधी सेवा समितीकडून, फुकट. लगेच सूर निघाला, "हिला काय कमी आहे? गरिबाच्या वाट्याचं कशाला खाते?"

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्नाची अट नाही. मला हे शंभर टक्के पटतं. पगार तिच्या नावावर आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात, अशा बायका तुमच्या ओळखीत नाहीत? २००५ चा हिंसाचार कायदा आर्थिक छळालाही हिंसाचारच म्हणतो. मग पगाराची चिठ्ठी बघून तिला वकील नाकारायचा हे कुठलं शहाणपण?

काळा_कोट
असहमत. मी विधी सेवेच्या पॅनेलवर, म्हणजे मोफत केसेस घेणाऱ्या वकिलांच्या यादीवर, काम केलंय. मानधन तुटपुंजं, तेही बिल टाकून वाट बघत बसायची. चालती वकिली असलेला माणूस तिकडे फिरकत नाही. जे चार जण उरतात त्यांच्यात बँकवालीची फाइल आली की ऊसतोड करणाऱ्या बाईची मागे पडते. अट नको, ठीक. पण निकालानंतर कमावतीकडून फी वसूल करायला काय हरकत आहे?

शेवंता_०७
वसूल करायचीच तर नवऱ्याकडून करा. घटस्फोटासारखा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये त्या दाव्याचा खर्च मागता येतोच की.

बिचारा_नवरा
आणि आमच्या आईला, बहिणीला अर्जात गोवतात त्यांचं काय? त्यांनी वकिलाला पैसे मोजायचे आणि सुनेला सगळं सरकारी खर्चाने. वा रे न्याय!

काळा_कोट
दादा, आई आणि बहीण बायकाच ना? कलम १२ अर्ज करणारीला आहे तसंच बचाव करणारीलाही आहे. सासूनेही अर्ज द्यावा, मोफत वकील मिळतो. एवढंच कशाला, हिंसाचार कायद्यात अर्ज कुणाविरुद्ध करता येतो त्या व्याख्येतले 'प्रौढ पुरुष' हे शब्द २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने काढून टाकल्यापासून सासूसुद्धा सुनेविरुद्ध हा अर्ज करू शकते.

माळावरची
तुम्ही दोघं फीवरच अडलात. मी बायकांसोबत कोर्टात जाते, तिथलं सांगते. वकीलपत्रावर सही झाल्यावर बाईला वकील भेटतो तो थेट तारखेला, व्हरांड्यात, सासरचे पाच पावलांवर उभे असताना. "हं, बोला, काय झालं होतं?" ती काय बोलणार? मागे एका अर्जात भलत्याच बाईच्या मुलीचं नाव होतं. जुना अर्ज काढून नावं बदलली होती, एक बदलायचं राहिलं. मारहाण कधी झाली, दवाखान्याचा कागद आहे का, स्त्रीधन कुणाकडे आहे, काही नाही. समोरच्या वकिलाने तेवढंच धरलं.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न. कलम २३ खाली नवऱ्याला न ऐकताही तात्पुरता आदेश मिळू शकतो. पण त्यासाठी प्रसंग तपशीलवार लिहिलेलं शपथपत्र लागतं, आणि ते लिहायला बाईजवळ तास-दोन तास बसावं लागतं. समन्स बजावणी, खावटी वगैरे पुढची रडगाणी निराळीच.

म्हणून माझं म्हणणं, उत्पन्नाची अट सोडा, वकील पूर्णवेळ द्या. फौजदारी खटल्यातल्या आरोपींसाठी २०२२ च्या योजनेतून लोक अभिरक्षक कार्यालयं, म्हणजे मोफत बचाव करणाऱ्या पूर्णवेळ वकिलांची कार्यालयं, आली. तिथले वकील खासगी वकिली करत नाहीत, तेच काम करतात. मारणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला तर त्याला हे कार्यालय, आणि मार खाणारी पॅनेलच्या यादीवर!

शेवंता_०७
हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. पूर्णवेळ वकिलाला माझा पाठिंबा, पण अट नको म्हणजे नकोच. फॉर्मवर उत्पन्नाचा रकाना आला की तलाठ्याचा दाखला आला, आणि तो आणायला बाईने सासरच्याच गावात जायचं का?

काळा_कोट
दाखल्याचा मुद्दा मान्य, वसुलीचं म्हणणं मागे घेतो. पण माळावरची ताई, पूर्णवेळ कार्यालयात एक अडचण आहे. सुनेचा अर्ज तिथेच आणि सासूचा बचावही तिथेच? एका टेबलावरून दोन्ही बाजू कशा लढवणार?

माळावरची
सासूला पॅनेलवरचा द्या.

बिचारा_नवरा
बघा! मी काय म्हणत होतो?