वडिलांना सुरुवातीचा डिमेन्शिया: कुलमुखत्यारपत्र पुरेल का?

सोनचाफा:
वडील ७६ वर्षांचे. डिमेन्शियाचं निदान झालंय, पण व्यवहार अजून कळतात, सहीही जमते. घर आणि एफडी त्यांच्या एकट्याच्या नावावर. भावाचं म्हणणं, कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) केलं की पुढचं निभेल. मग घर आत्ताच बक्षीसपत्राने आमच्या नावावर करावं का?

दस्तलेखक:
नाही पुरत. करार कायदा १८७२, कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की ते संपतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. त्यात ‘अपरिवर्तनीय’ असं लिहून काही साधत नाही; त्यासाठी कलम २०२ प्रमाणे मुखत्याराचा त्या मिळकतीत स्वतःचा हितसंबंध लागतो.

पहिलं काम मृत्युपत्राचं. डिमेन्शिया झाला म्हणून मृत्युपत्र करता येत नाही असं नाही; सही करताना त्यांना आपली मिळकत, आपले वारस आणि कोणाला काय देतोय हे कळत असलं पाहिजे. शक्यतो त्याच दिवशीचा डॉक्टरांचा तसा दाखला घ्या. नुसतं ‘तब्येत ठीक’ लिहिलेला दाखला कोर्टात फारसा टिकत नाही. साक्षीदार दोन हवेत, वडिलांपेक्षा वयाने लहान आणि ज्यांना काही मिळणार नाही असे. दोघांनीही सही होताना पाहिलेली असावी. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. वडिलांना जाणं शक्य नसेल तर दुय्यम निबंधकाला (सब-रजिस्ट्रार) घरी बोलावता येतं. मजकूर वाचून दाखवताना ज्याला जास्त मिळतंय त्याने खोलीबाहेर थांबावं, कारण संशय तिथूनच सुरू होतो.

बक्षीसपत्राची घाई नको. करायचंच असेल तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे दस्तातच लिहा. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७, कलम २३ खाली दस्त रद्द करून घ्यायची वेळ आली तर वाद या अटीवरच होतो. आईचा राहण्याचा हक्कही त्यातच येऊ द्या.

पासबुक:
खात्यात आईचं नाव ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ने घाला, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो खातं चालवू शकतो. एफडीत मात्र लोक फसतात: मुदतीआधी मोडायची तर बँक सहसा दोघांच्या सह्या मागते. एकाच्याच सहीने मोडता यावी अशी दोघांची लेखी सूचना आत्ताच देऊन ठेवा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्राप्रमाणे. सही नुसती थरथरत असेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. समजच गेली तर अंगठ्यानेही भागत नाही.

सोनचाफा:
तोपर्यंत काहीच झालं नाही तर?

दस्तलेखक:
मग बहुधा उच्च न्यायालय. डिमेन्शिया झालेल्या प्रौढाच्या मिळकतीसाठी पालक नेमायचा सरळ कायदा नाही, म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज करतात. वैद्यकीय तपासणी, वारसांची संमती, सगळं आलं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मधला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरताच, घर विकायला त्याचा उपयोग नाही.

व्हेंटिलेटरवर ठेवावं की नाही, याबद्दल वडिलांचं काही ठाम मत असेल तर तेही लिहून घ्या. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर होतं, मॅजिस्ट्रेट लागत नाही. निर्णय कोणी घ्यायचा त्यांची नावं त्यात घाला आणि एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या.