प्रवेश दिला, आता पुढची जबाबदारी कुणाची?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)
उच्च शिक्षण सगळ्यांसाठी खुलं करायचं म्हटलं की चर्चा प्रवेशापाशीच अडते. जागा किती, कटऑफ किती, फी माफी कुणाला. पहिल्या वर्षात किती जण गळाले हे कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर 'झेपलं नाही बुवा' एवढ्यावर विषय संपतो. माझ्या मते ज्या कॉलेजने प्रवेश दिला, त्यानेच गळतीचाही जाब द्यायला हवा.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये शहरातली शाळा पास झालेल्या प्रत्येकाला जागा देऊ केली. वर्ग ओसंडले, मदत त्या मानाने वाढली नाही, आणि १९७६ च्या आर्थिक तंगीत मोफत शिक्षणही बंद झालं. याच विद्यापीठाने २००७ मध्ये 'असॅप' नावाची योजना काढली. इतर आर्थिक मदतीनंतर फीमध्ये उरलेली तफावत भरली, पुस्तकं दिली, मेट्रोचा पास दिला, आणि मोजकेच विद्यार्थी सांभाळणारा सल्लागार दिला. मुख्य अट अशी की पूर्णवेळ शिकायचं आणि सल्लागाराला ठरल्याप्रमाणे भेटायचं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून तपासलं, तेव्हा दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत मिळवणारे योजनेत ४० टक्के निघाले, योजनेबाहेर २२. दोन्हीकडची मुलं सारखीच होती. वेगळं वागलं ते कॉलेज.

कडूकारलं
असहमत. याच आकड्यांची दुसरी बाजू: इतकं सगळं हातात दिल्यावरही ६० टक्के तीन वर्षांत पार झाले नाहीत. खर्च मात्र एका विद्यार्थ्यामागे सुमारे ६० टक्क्यांनी वाढला. अठरा वर्षांच्या माणसाला 'भेटायला ये रे' म्हणून बोलवायचं, हे विद्यापीठाचं काम कधीपासून झालं?

मुळात घोळ शाळेत आहे. वाचन आणि गणित तिथे कच्चं राहतं, कॉलेजात त्यावर मलमपट्टी होते. तो पैसा सातवी-आठवीत घाला. आणि सरसकट प्रवेशाला दयाळूपणा म्हणू नका. फ्रान्समध्ये बाकालोरेआ (शाळा संपतानाची परीक्षा) पास झालं की विद्यापीठात जागा, ही जुनी रीत. पण पहिल्या वर्षातून थेट दुसऱ्यात जाणारे जेमतेम निम्मे. बाकीच्यांचं वर्ष गेलं ते गेलंच. आधीच 'नाही' म्हणणं जास्त प्रामाणिक.

पाटीपेन्सिल
खर्चाचा आकडा बरोबर, पण अर्धाच सांगितलात. एका *पदवीमागचा* खर्च काढला तर तो योजनेत कमीच निघाला, कारण पदव्या जवळपास दुप्पट झाल्या. गळालेल्या विद्यार्थ्यावरही पैसा खर्च होतोच की, फक्त तो हिशेबात दिसत नाही. शाळा सुधारा हे मान्यच. पण आज जो विद्यार्थी वर्गात बसलाय, त्याला आता परत सातवीत पाठवणार का?

शून्यलब्धी
गणित शिकवते म्हणून राहवत नाही. 'मदत' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सोपं केलेलं काहीतरी येतं. गणिताचे अभ्यासक युरी ट्रीसमन यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात १९७० च्या दशकात नेमकं हेच तपासलं. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत होते. तयारी कच्ची, घरचं पाठबळ नाही, मेहनत नाही, अशी प्राध्यापकांची ठरलेली कारणं होती. ट्रीसमन विद्यार्थ्यांच्या मागे फिरले, अभ्यास कसा करतात ते पाहिलं. मेहनत भरपूर होती, पण ती एकेकट्याने. चांगले गुण मिळवणारे चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत, चुका काढत.

मग त्यांनी काय केलं? उजळणीचे वर्ग नाहीत, उलट नेहमीपेक्षा *कठीण* उदाहरणं आणि ती गटाने सोडवायची. निकाल पालटला. कडूकारलं, तुम्ही म्हणता तशी मलमपट्टी यात कुठे दिसते?

कडूकारलं
हे उदाहरण आवडलं, खरंच. पण ते बर्कले! तिथे पोचलेली मुलं आधीच निवडून आलेली. म्हणजे निवड करा आणि मग साथ द्या, हेच माझं म्हणणं झालं.

रातपाळी
दोघांनाही विचारते. पूर्णवेळ शिकायची अट घातलीत की माझ्यासारखी नोकरी करून शिकणारी व्यक्ती योजनेतून आपोआप बाहेर. टक्केवारी वर जाण्यात त्या अटीचाही वाटा असणारच. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९७१ मध्ये सुरू झालं ते कुठलीही प्रवेश-पात्रता न मागता आणि घरबसल्या शिकायची सोय करून. तिथली मोजपट्टी 'तीन वर्षांत पदवी' ठेवलीत तर ते नापासच ठरेल. वर्ष-दीड वर्ष थांबून परत येणाऱ्याला गळालेला धरू नका, इतकं केलंत तरी खूप.

पाटीपेन्सिल
रातपाळी, मुद्दा पटला. मुदतीची मोजपट्टी बदलायला हवी. सल्लागार मात्र तुम्हालाच जास्त लागेल, आणि तोही संध्याकाळी सातनंतर भेटणारा.

चष्मेबद्दूर
प्रवेशाचा प्रश्न सुटलाय असं गृहीत धरून सगळे बोलताहेत. मिशिगन विद्यापीठाने हुशार पण गरीब घरच्या विद्यार्थ्यांना पत्रं पाठवली: प्रवेश मिळाला तर चार वर्षं फी नाही. यातल्या बहुतेकांना ती मदत एरवीही मिळालीच असती, फक्त आधी खात्री नव्हती. पत्र मिळालेल्यांत ६८ टक्क्यांनी अर्ज केला, न मिळालेल्यांत २६. कडूकारलं, तुमच्या त्या निवडीपर्यंत हे विद्यार्थी पोचलेच नव्हते.

कडूकारलं
पत्र पाठवायला माझी ना नाही. स्वस्तात होतं ते. साठ टक्के जादा खर्चाला आहे.