मदत हवी आहे : शांघायचं बोटॅनिकल गार्डन, सोबत आई, हाताशी एकच दिवस

सायली_कोल्हापूर
शांघायच्या बोटॅनिकल गार्डनला जायचं आहे. दिवस एकच मिळतोय. किती वेळ लागतो, मेट्रोने जाता येतं का आणि आत बसायची सोय आहे का, एवढं कुणीतरी नीट सांगा. नेटवर एक जण लिहितो की मेट्रोतून उतरून चालत जा, दुसरा लिहितो की उतरून पुन्हा बस पकडा. कुणी म्हणतं दोन तास पुरतात, कुणी म्हणतं दिवस कमी पडतो. काय खरं मानायचं? हॉटेल आज रात्रीपर्यंत बुक करायचंय, त्यामुळे लवकर कळलं तर फार बरं होईल.

वाटसरू
कधी जाताय? मार्चमध्ये चेरीचा बहर, ऑगस्टमध्ये जीव नकोसा करणारा दमट उकाडा. महिना सांगितल्याशिवाय काय सांगणार?

हुआंगपूकाठी
मी शांघायात राहते. आधी सांगा, कुठली बाग? इथे दोन आहेत. जुनी ती शांघाय बोटॅनिकल गार्डन, श्वीहुई भागात, शहरातच. १९७४ साली लोंगहुआच्या रोपवाटिकेच्या जागेवर सुरू झाली, साधारण ८२ हेक्टर. तीन नंबरच्या मेट्रोने शिलोंग रोडला उतरून चालत जाता येतं. दुसरी छनशान, सोंगजियांग जिल्ह्यात, शहराच्या पार नैऋत्येला. २०१० च्या वर्ल्ड एक्स्पोच्या तोंडावर लोकांना खुली झाली, २०७ हेक्टर. तिला नऊ नंबरच्या मेट्रोने दोंगजिंगपर्यंत जाऊन पुढे बस किंवा टॅक्सी. तुम्ही वाचलेली दोन्ही वर्णनं बरोबर आहेत, फक्त बागा वेगळ्या.

ट्रान्झिट_गुरू
व्हिसाची चिंता नको. चीनने २४० तासांचं विनाव्हिसा ट्रान्झिट सुरू केलंय. तिसऱ्या देशात जाताना मध्ये शांघायला उतरा आणि बाग बघून घ्या.

हुआंगपूकाठी
@ट्रान्झिट_गुरू, ती सवलत मिळणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. भारतीय पासपोर्टवर व्हिसा काढूनच यावं लागतं. कृपया अशी माहिती ठोकून देऊ नका, विमानतळावर माणसं अडकतात.

ट्रान्झिट_गुरू
माझा मित्र मागच्या वर्षी असाच गेला होता.

वाटसरू
मित्राचा पासपोर्ट कुठला?

ट्रान्झिट_गुरू
सिंगापूरचा. पण नियम सगळ्यांना सारखेच असतील ना.

केवडा
एका दिवसासाठी शांघायची बाग कशाला? सरळ शेजारच्या सुचौ शहरात जा. बुलेट ट्रेनने अर्धा तास. तिथल्या जुन्या बागा युनेस्कोच्या यादीत आहेत. छोट्या जागेत पाणी, दगड आणि खिडक्यांची काय रचना केलीय! माझं ऐकाल तर बोटॅनिकल गार्डन सोडाच.

रानमेवा
केवडाताई, त्यांनी वनस्पती उद्यान विचारलंय. सुचौच्या बागा वास्तुकलेसाठी बघायच्या. ज्याला झाडं बघायची आहेत त्याला तिथे पाठवून काय उपयोग?

केवडा
झाडं तिथेही आहेतच की. आणि गर्दीचं म्हणाल तर सकाळी लवकर जायचं.

सायली_कोल्हापूर
दोन बागा आहेत हे कुठेच स्पष्ट लिहिलेलं नाही. जाणार नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. नवऱ्याचं तिथे काम आहे, तो दिवसभर मोकळा नाही, म्हणून आई आणि मी दोघीच. व्हिसा झालेला आहे. व्हिसाचं नको, सुचौचं नको, फक्त बागेचं सांगा.

अनुभवी_प्रवासी
दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौ शहरातली साउथ चायना बोटॅनिकल गार्डन बघा! १९२९ पासूनची संस्था, २०२२ मध्ये तिला राष्ट्रीय वनस्पती उद्यानाचा दर्जा मिळाला. आपल्याकडची आंबा, फणस, लिची वर्गातली झाडं तिथे उघड्यावर वाढतात, काचघर लागत नाही. तिथल्या कँटन फेअर या व्यापारमेळ्याला गेलो की मी तिथे एक चक्कर मारतोच.

रानमेवा
त्या शांघायला चालल्यात. ग्वांगझौ तिथून हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे.

हुआंगपूकाठी
सायली, आईंचं वय काय? चालणं कितपत जमतं? आणि मुख्य म्हणजे त्यांना काय बघायचंय? मुक्काम कुठल्या भागात?

सायली_कोल्हापूर
आई ७१ वर्षांची. गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर थांबत थांबत चालते, जिने टाळते. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. अनावृतबीजी वनस्पती, म्हणजे ज्यांच्या बिया फळात झाकलेल्या नसतात अशी झाडं, हा तिचा आवडता विषय. पुस्तकातल्या चित्रावरून मुलांना गिंको शिकवला, पण मोठं झाड स्वतः कधी पाहिलं नाही. मेटासिक्वोयाचंही तसंच. तेवढ्यासाठी ती यायला तयार झाली आहे. ही दोन झाडं तिला दिसली नाहीत तर मला फार वाईट वाटेल. मुक्काम बहुधा श्वीजियाहुईजवळ.

रानमेवा
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं, सगळं उत्तरच बदलतं! तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मेटासिक्वोयाची गोष्ट त्यांना ठाऊक असेलच, इतरांसाठी लिहितो. १९४१ साली जपानी शास्त्रज्ञ मिकी यांनी जीवाश्मांवरून या वंशाला (genus) नाव दिलं. झाड नामशेष झालं असंच सगळे धरून चालले होते. त्याच दशकात चीनमधल्या हुबेई प्रांताच्या डोंगराळ भागात ते जिवंत सापडलं आणि १९४८ मध्ये हू श्येनसू आणि चंग वानच्युन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. आज शांघायात ते कालव्यांच्या कडेने आणि रस्त्यांवरही लावलेलं आहे. सूचिपर्णी असून पानं गाळतं, आणि गळण्याआधी तांब्यासारखं लाल होतं. नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरची सुरुवात हाच त्याचा काळ. गिंकोही तेव्हाच पिवळा होतो. तारखा उत्तम निवडल्या आहेत.

वाटसरू
मग छनशानच! तिथलं खाणीचं उद्यान चुकवू नका. डोंगराची एक बाजू दगडासाठी फोडली होती, तो खड्डा तसाच ठेवून बाग केलीय. खाली हिरवं पाणी, त्यावर तरंगता पूल, शेवटी बोगदा. मी थक्क झालो होतो.

हुआंगपूकाठी
@वाटसरू, तुम्ही त्या वाटेने उतरलात ना? किती पायऱ्या आहेत ते आठवा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना त्या खड्ड्यात उतरवायचं नाही, वरून बघायचं. छनशानची काचघरं मात्र बघण्यासारखी आहेत. तीन मोठी घरं, मिळून साडेबारा हजार चौरस मीटरहून जास्त. वाळवंटी वनस्पतींचं घर मला सगळ्यात आवडतं. आत फिरायला पैसे देऊन गाडी मिळते, तरी चालणं होतंच.

माझं स्पष्ट मत, आईंसाठी जुनी बाग घ्या. अंतरं कमी, जमीन बरीचशी सपाट, सूचिपर्णी झाडांचा विभाग वेगळा आहे. शिवाय पेनजिंगचा, म्हणजे कुंडीतल्या वृक्षांचा संग्रह मोठा आहे. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला तिथे तास कमी पडतील.

वाटसरू
एवढ्या लांब जाऊन लहान बाग? पटत नाही. व्हीलचेअर घ्या आणि छनशानला जा.

रानमेवा
बाग कुणासाठी आहे ते बघा ना. आईंना दोन झाडांखाली निवांत उभं राहायचंय. त्यासाठी २०७ हेक्टर लागत नाहीत.

धोटा_इचलकरंजी
जुन्या बागेत जाणार असाल तर एक विनंती. त्या आवारात हुआंग दाओपो यांचं जुनं स्मारकमंदिर आहे. तेराव्या शतकातली ही बाई याच भागातली. हैनान बेटावर तिथल्या ली जमातीच्या लोकांकडून कापसाचं काम शिकली आणि परत येऊन पिंजण्या-कातण्याच्या सुधारलेल्या पद्धती गावाला शिकवल्या. पुढे हा सगळा प्रदेश कापडासाठी प्रसिद्ध झाला. आमच्या तीन पिढ्या मागावर गेल्या, म्हणून हे नाव मला फार जवळचं वाटतं. उघडं असेल तर जरूर बघा.

ट्रान्झिट_गुरू
पैसे युआनमध्ये नेलेले बरे.

हुआंगपूकाठी
थोडे न्या, पण मुख्य व्यवहार फोनवरच. अलिपे हे पैसे देण्याचं अ‍ॅप इथे येण्याआधीच फोनमध्ये टाकून घ्या, त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्डचं बँक कार्ड जोडता येतं. बँकेकडून आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या. हॉटेलच्या वायफायवर गूगल चालणार नाही, भारतीय सिमचं रोमिंग असेल तर चालतं. दोघींचे मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. बागेचं नाव चिनी लिपीत फोनमध्ये फोटो करून ठेवा, टॅक्सीवाल्याला दाखवायला. आणि सकाळीच निघा, त्या दिवसांत पाचच्या आत सूर्य मावळतो आणि गारठा वाढतो.

श्वीजियाहुईहून एक नंबरच्या मेट्रोने शांघाय साउथ रेल्वे स्टेशन, तिथून तीन नंबरने एकच स्टेशन. स्टेशनापासून बागेपर्यंत आईंना टॅक्सीनेच न्या, शक्ती आतल्या चालण्यासाठी राहू दे.

फुलबाग_नाशिक
येताना गिंकोच्या बिया घेऊन या ना थोड्या! मी पैसे पाठवते.

रानमेवा
अजिबात आणू नका. परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र नसताना बिया-रोपं भारतात आणता येत नाहीत, २००३ चा वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश आहे. विमानतळावर जप्त होतील.

सायली_कोल्हापूर
ठरलं, जुनी बाग. श्वीजियाहुईचं हॉटेल बुक केलं. सूचिपर्णीचा विभाग आहे म्हटल्यावर आईने जुन्या नोट्स बाहेर काढल्या आहेत. हुआंगपूकाठी, रानमेवा, मनापासून आभार. धोटा, ते मंदिर यादीत घातलंय. आता एकच राहिलं, दारावर व्हीलचेअर मिळते का? आई नको म्हणतेय, पण मला हाताशी हवी आहे.

हुआंगपूकाठी
शनिवारी मी त्या बाजूला जाणार आहे. दारावर विचारून इथेच लिहिते.