लेख आपला, नाव गायब: तुम्ही काय केलंत?

गणपतीच्या आधी उकडीचे मोदक आणि दिवाळीच्या आधी भाजणीची चकली, हे दोन सीझन आले की आपल्या ब्लॉगवरच्या लेखांची उचलेगिरी जोरात सुरू होते. लेख जसाच्या तसा, खाली नाव नाही, असलंच तर 'संकलन' म्हणून तिसऱ्याच कुणाचं तरी. इथे लिहिणाऱ्या जवळपास सगळ्यांना हा प्रसाद मिळालेला असणार, म्हणून हा धागा. फक्त 'हो हो माझंही ढापलंय' एवढ्यावर थांबू नका, पुढे काय केलंत आणि त्याचा उपयोग झाला का तेही लिहा.

घाटवाट_भटक्या
नळीच्या वाटेनं, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, हरिश्चंद्रगड, पायथ्याच्या बेलपाड्यातून, असा लांबलचक लेख लिहिलेला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की पावसाळ्यात इकडे फिरकू नका, दगड सुटतात, नळीतून पाणी येतं, आणि कोरड्या दिवसांतही दोर आणि माहीतगार माणूस नसेल तर नकोच. एका टुरिझमवाल्या साइटनं अख्खा लेख उचलला, फोटोंच्या कोपऱ्यातलं माझं नाव कापलं आणि वर हेडिंग दिलं 'पावसाळ्यात करायलाच हवा असा ट्रेक'. धोक्याचा पॅरा गायब! नाव गेल्याचा राग वेगळा, पण हे वाचून कॉलेजची पोरं जुलैत तिकडे गेली म्हणजे?

ॲडमिनला मेल टाकला. उत्तर आलं, 'सर नेटवर होतं म्हणून घेतलं, तुमचीच प्रसिद्धी होतेय'. नाव नसताना कसली प्रसिद्धी ते त्यालाच ठाऊक. मग त्याचा नाद सोडला. हूइजवर (डोमेनची नोंद दाखवणारी सेवा) डोमेन टाकून बघितलं तर मध्ये क्लाउडफ्लेअर (साइट आणि वाचक यांच्या मध्ये बसणारी कंपनी), त्यामुळे होस्टिंग कुणाचं, म्हणजे साइट कुणाच्या सर्व्हरवर आहे, ते दिसेना, पण त्यांच्याकडे तक्रारीचा फॉर्म आहे, तो भरला की ते पुढे होस्टकडे पाठवतात. मूळ लेखाची लिंक, चोरलेल्या पानाची लिंक (होमपेजची नाही, त्या पानाचीच द्या, नाहीतर परत मागतात), मजकूर माझाच आहे असं प्रतिज्ञेवर लिहून खाली पूर्ण नाव. गुगलकडे वेगळी तक्रार केली, सर्चमधून ते पान आधी गेलं आणि मग साइटवरूनही गेलं. माफीचा एक शब्द नाही, पण मला ते पान उडायला हवं होतं, ते उडालं.

आंबटचुका
माझ्या डिंकाच्या लाडवांचा लेख एका साइटवर दिसला. त्यात 'माझ्या बाळंतपणात आईनं केले होते तेव्हा' हे वाक्यसुद्धा तसंच ठेवलेलं, आणि शेजारी लेखकाचा फोटो कुणाचा, तर झुपकेदार मिशीवाल्या गृहस्थांचा. 😂 हसून झालं मग चिडले.

एक गोष्ट सांगते, नुसतं साहित्य आणि प्रमाण यावर आपला हक्क सांगता येत नाही, वाटीभर डिंक कुणीही लिहील. पण आपण ते ज्या शब्दांत लिहिलं ते शब्द आणि फोटो आपले. मी तक्रारीत तेवढंच धरलं. दुसरं म्हणजे त्या पानावर ॲडसेन्सच्या, म्हणजे गुगलच्या, जाहिराती होत्या म्हणून तिथेही तक्रार टाकली, कारण हे लोक वाचनाच्या आवडीपायी नाही, जाहिरातींसाठी करतात, पैशावर बोट ठेवलं की लवकर हलतात. आणि शोध घेतल्यावर कळलं की माणूस काही कॉपी करतच नव्हता, माझ्या ब्लॉगचा फीड (नवा लेख आपोआप दुसरीकडे पोचवणारी सोय) त्यांनी जोडून ठेवलेला, मी पब्लिश केलं की तिकडे आपोआप! ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये फीड 'फुल'वरून 'शॉर्ट' केला, आता त्यांच्याकडे पहिली चार वाक्यं जातात. शिवाय लेखाच्या मधेच माझ्या जुन्या लेखाची लिंक घालून ठेवते, तीही बिनदिक्कत छापतात, तिथून लोक माझ्याकडे येतात.

नळावरची
व्हॉट्सॲपचं काय करायचं ते सांगा आधी. माझा लेख एका दिवंगत मोठ्या लेखकाच्या नावानं फिरतोय. ग्रुपवर म्हटलं हा मी लिहिलाय, तर एक काका म्हणाले 'बाई, त्यांची शैली लगेच ओळखू येते'. आता मूळ लिंक टाकते आणि गप्प बसते.

कोर्टकारकून
पेशानं वकील आहे, पण हे टपरीवरचं बोलणं समजा, फी लावत नाही. कॉपीराइटला नोंदणी लागते हे आधी डोक्यातून काढा. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेख लिहिला की हक्क आला, नोंदणी पुराव्याला बरी पडते इतकंच. आणि कलम ५७ बघा. मानधन घेतलंत, हक्क लिहून दिलेत, तरी 'हे मी लिहिलंय' म्हणायचा हक्क लेखकाकडेच राहतो. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारनं उतरवून गोदामात टाकलं. शिल्प सरकारचं, पैसे देऊन घेतलेलं, तरी दिल्ली हायकोर्टानं २००५ मध्ये याच कलमावर शिल्पकाराच्या बाजूनं निकाल दिला, ५ लाख भरपाई आणि उरलंसुरलं शिल्प परत.

लेखी तक्रार नीट कागदोपत्री असेल तर आपल्याकडच्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे पान ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्यांनी ३६ तासांत ते बंद करायचं असतं. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चालू करू शकतात, हे कुणी सांगत नाही.

अबोली_पणजी
यात भर. तक्रार करायच्या आधी चोरीचं पान वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती तारखेसकट जपणारी साइट) सेव्ह करा, नुसता स्क्रीनशॉट नको. माझ्या केसमध्ये त्या महाशयांनी पोस्टची तारीख मागे नेली, वर्डप्रेसमध्ये हवी ती तारीख टाकता येते, आणि उलट मलाच चोर म्हणाले! माझं पान वेबॅकवर आधीच होतं, त्यांचं नव्हतं, आणि फोटोंच्या मूळ फाइल्स माझ्याकडे. दोन्ही पाठवल्यावर पुढचा मेल आलाच नाही, पान मात्र गुपचूप गेलं. आणखी एक, गुगलला दिलेली तक्रार ल्युमेन नावाच्या, अशा तक्रारी जमवणाऱ्या साइटवर सार्वजनिक होऊ शकते, त्यात तुमचं नाव दिसतं. टोपणनावानं लिहिणाऱ्यांनी आधी विचार करा.

बिनधास्त_बंडू
कशाला एवढी डोकेफोड, पोचतंय ना लोकांपर्यंत? आपण काय पोट भरतो का यावर.

घाटवाट_भटक्या
बंडूशेठ, वरचा पावसाळ्याचा किस्सा परत वाचा.

शाईडाग
माझं प्रकरण कागदावरचं. तालुक्याच्या एका साप्ताहिकानं रविवारी माझा वाड्यांवरचा लेख छापला, खाली 'इंटरनेटवरून साभार'. बाबांनीच कापून ठेवला होता, पोरीचं नाव नाही म्हणून पेनानं स्वतः लिहून. संपादकांना फोन केला, वाद न घालता एवढंच म्हटलं की खुलासा आणि मानधन दोन्ही हवं. माणूस भला होता, म्हणाला डेस्कवरच्या पोराला व्हॉट्सॲपवर आला, त्यानं लावला. पुढच्या अंकात खुलासा आला, नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, भिंगातून वाचावा लागेल एवढा. मानधन मनीऑर्डरच्या जमान्यातलं, पण आलं. आता तिथेच नावासकट लिहिते.

आंबटचुका
नळावरची, शोधायची एक सोपी पद्धत, आपल्या लेखातलं एखादं तिरपागडं वाक्य दुहेरी अवतरणात टाकून गुगलवर बघायचं, गुळगुळीत वाक्य नको. फॉरवर्ड सापडत नाहीत पण ते फॉरवर्ड उचलून छापणाऱ्या साइट सापडतात. मी महिन्याकाठी बसते.

नळावरची
बसले. तीन साइट, एक यूट्यूब चॅनल, मागे बासरी लावून कुणीतरी अख्खा लेख वाचलाय. हेही चालत नाही ना?

कोर्टकारकून
नाही चालत, परवानगीशिवाय वाचून चॅनलवर टाकणं हेही आलं त्यात. यूट्यूबचा स्वतःचा फॉर्म आहे. पण आधी एक साधी कमेंट करून बघा, वाचणारे कधीकधी खरंच अज्ञानात असतात.

नळावरची
केली. बाई लगेच सॉरी म्हणाल्या, खाली माझं नाव टाकलं. आडनाव चुकवलंय. परत लिहिलंय त्यांना.